बाजरी घातली आणि बॅच बसली. दोष बाजरीचाच का?

बोरीकाठ (पारोळा तालुका)

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

माझं १,५०० ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबडीच्या) पिल्लांचं शेड आहे, बोरी नदीच्या काठच्या गावात. आधी कंपनीच्या करारात होतो, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलो. तेव्हापासून पिल्लं रोखीने आणतो, खाद्य घरीच भरडतो आणि माल व्यापाऱ्याला देतो. आतापर्यंत खाद्य सरळसाधं होतं. १०० किलोत ६० किलो मका, ३४ किलो सोया पेंड, २ किलो तेल आणि उरलेल्या ४ किलोत डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), चुनखडी, मीठ, मेथिओनिन (प्रथिनाचा एक घटक), प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-क्षारांचं मिश्रण). पहिले १० दिवस मात्र विकतचं प्री-स्टार्टर. एवढ्यावर ४० दिवसांत सरासरी २ किलो १०० ग्रॅम वजन यायचं. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं खाद्य, १.६८ किलो, मर ४ टक्क्यांच्या आत.

यंदा मका २५ रुपये किलोने घ्यावा लागला. सोया पेंड ४४. दुसरीकडे आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, खरिपात दोन एकर बाजरी केली होती. १८ क्विंटल झाली. बाजारात नेली तर २२ च्या वर कुणी बोलेना. आप्पाच म्हणाले, "इकस कसाले? तुन्या कोंबड्यास्ले घाल." मला पटलं. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका तेलघाणीवाल्याकडे शेंगदाणा पेंड ३४ रुपयांनी मिळत होती, ती ७ क्विंटल उचलली. ११ व्या दिवसापासून मिश्रण असं केलं: मका ३०, बाजरी ३०, सोया पेंड २०, शेंगदाणा पेंड १५, तेल २, बाकी ३ किलो नेहमीचं साहित्य.

खाद्याचा खर्च सगळं मिळून किलोला साडेसदतीस रुपयांवरून सव्वाचौतीसवर आला. मी खूश होतो.

१८-२० व्या दिवशी पिल्लं लहानमोठी दिसायला लागली. काही रांगेत चांगली, काही मुठीएवढी. पंख विस्कटलेले. विष्ठेत बाजरीचे दाणे जसेच्या तसे दिसायचे. २५ व्या दिवसानंतर रोज चार-पाच मरायला लागली. ४२ व्या दिवशी माल गेला तेव्हा सरासरी १ किलो ७२० ग्रॅम. एफसीआर २.०२. एकूण १३६ मेली. पाय पांढरेफटक पडले म्हणून व्यापाऱ्याने किलोमागे ३ रुपये कापले ते वेगळे.

गावात सगळे म्हणतात, कोंबडीला बाजरी चालतच नाही. आप्पा ७२ वर्षांचे आहेत. पिल्लं आली की रात्री ब्रूडरपाशी खाट टाकून झोपणारा माणूस, आता शेडकडे फिरकत नाही. पारावर कुणी विचारलं की स्वतःच सांगतात, "मन्ही बाजरीनी आंडोरनी बॅच बुडाई" (माझ्या बाजरीने पोराची बॅच बुडवली). हे ऐकलं की मला घास जात नाही.

तर मला खरं काय ते समजून घ्यायचंय. बाजरीनेच झालं का? आणि मका परवडत नसेल तर आपल्याकडे जे मिळतं, सरकीची ढेप, जळगावच्या डाळ मिलची तूर चुनी, हल्ली एक एजंट डीडीजीएस (इथेनॉल कारखान्यातला धान्याचा वाळवलेला चोथा) घेऊन येतो ते, यातलं ब्रॉयलरला काय चालेल? ५ क्विंटल बाजरी अजून कोठीत पडून आहे.

---

शिरपूर_ब्रॉयलर

भाऊ, प्रयोग करायला ब्रॉयलर ही जात नाही. ४० दिवसांचं आयुष्य, त्यात आठवडा बिघडला की भरून निघत नाही. बाजरी गावरानला घाला आणि ब्रॉयलरला तयार गोणी आणा. मी सहा वर्षं तेच करतो, झोप शांत लागते.

---

पांझरा_शेड (साक्री तालुका)

बोरीकाठ दादा, तुमच्या आप्पांना आधी एवढं सांगा की साक्रीची एक बाई चार वर्षं ब्रॉयलरला बाजरी घालते आणि तिची एकही बॅच बाजरीमुळे बसलेली नाही.

आमच्या माळावर बाजरीच होते. माझ्या शेडमध्ये ९०० पक्षी असतात. मी १०० किलोत २५ ते ३० किलो बाजरी घालते, पण काही गोष्टी शिकायला मला दोन बॅचेस गेल्या, म्हणून विचारते.

तुमच्या भरडा मशीनला जाळी किती मिलिमीटरची? मक्याची ६ ची जाळी असेल तर बाजरी त्यातून अख्खीच खाली पडते, फुटतच नाही. मोठा पक्षी थोडी अख्खी बाजरी पचवतो, त्याची पथरी (पोटातला दाणा दळणारा भाग) तेवढी तयार झालेली असते. पण ११-१२ दिवसांच्या पिल्लाच्या पोटातून ती निम्मी तशीच बाहेर येते. विष्ठेत दाणे दिसत होते असं तुम्हीच लिहिलंय. मी ३ ची जाळी लावून बाजरी वेगळी भरडते आणि मग मिसळते.

दुसरं, बाजरीत काळपट, लांबट, उंदराच्या लेंडीसारखे दाणे होते का? कणीस फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की अरगट, म्हणजे विषारी बुरशी, येतो. तो असेल तर ती बाजरी माणसालाही नको आणि कोंबडीलाही नको. आमच्याकडे जुनी माणसं पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात, अरगट वर तरंगतो.

तिसरं, बॅच थंडीतली दिसते. डिसेंबरात आपल्याकडे रात्री हाडं गोठतात, धुळ्याला तर पारा पार खाली जातो. पडदे, शेगडी, सगळं नीट होतं ना? थंडीत पिल्लू खातं ते अंग गरम ठेवण्यातच जातं.

चौथं आणि मुख्य. मेलेला एखादा पक्षी फाडून पाहिला का? काळीज (यकृत) कसं होतं?

पांढऱ्या पायांचं मात्र दुःख करू नका. पायाचा आणि कातड्याचा पिवळा रंग मक्यातून येतो. बाजरीत तो नसतोच, ज्वारीतही नसतो. पक्षी आजारी नसतो, पण व्यापारी ऐकत नाही हेही खरं. मी दसरा-दिवाळीच्या झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून दळून ठेवते आणि शेवटच्या दोन आठवड्यांत खाद्यात मिसळते. रंग बऱ्यापैकी धरतो. माझ्या धाकट्या जावेने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं मी कोंबड्यांची पूजा मांडलीय.

---

बोरीकाठ

ताई, तुमचं पहिलं वाक्य आप्पांना मोबाइलवर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण पुन्हा एकदा वाचायला लावलं.

जाळी ६ चीच होती. बाजरी वेगळी भरडली नाही, मक्याबरोबरच ओतली. चूक कबूल. अरगट नव्हता, काल पाटीभर बाजरी ताटात पसरून माय आणि मी दाणा दाणा बघितला. थंडीचं म्हणाल तर पडदे दुहेरी होते, २१ व्या दिवसापर्यंत रात्रीची शेगडी होती. आधीची दोन वर्षं त्याच थंडीत बॅच नीट निघाली आहे.

काळजाबद्दल विचारलंत ते बरं झालं. ३० व्या दिवशी तीन पक्षी फाडले होते. काळीज मोठं झालेलं, पिवळट, बोटाने दाबलं की चुरा होत होता. एकाच्या मांडीत कातड्याखाली निळेकाळे डाग होते. उचलीच्या वेळीही व्यापाऱ्याची माणसं म्हणाली की पंख धरला तरी रक्त साकळतंय. मला वाटलं त्यांनीच आदळआपट केली असेल.

---

जुना_पशुवैद्य (धुळे)

पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी साक्री-नवापूर पट्ट्यात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा शेडच्या शेड रिकामी होताना पाहिली आहेत. त्यामुळे एखाद्याची बॅच बसली असं वाचलं की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

बोरीकाठ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात उत्तर आहे. मोठं झालेलं पिवळट काळीज, कातड्याखाली रक्त साकळणं, लहानमोठी पिल्लं, २५ दिवसांनंतर वाढत जाणारी मर. ही बाजरीची लक्षणं नाहीत, ही अफ्लाटॉक्सिनची आहेत. काळीज खराब झालं की रक्त गोठवणारी द्रव्यं तयार होत नाहीत, म्हणून नुसतं धरलं तरी डाग पडतो. तपासणीशिवाय शिक्का मारणार नाही, पण माझा संशय सगळ्यात आधी त्या ३४ रुपयांच्या पेंडीवर आहे.

हे विष बुरशी तयार करते. शेंग जमिनीत असताना पाण्याचा ताण पडला, काढणीला पाऊस लागला किंवा ओली शेंग ढिगाने ठेवली की ती बुरशी दाण्यात शिरते. चांगला दाणा खायला विकला जातो. फुटका, सुरकुतलेला, काळा पडलेला दाणा घाणीवर जातो. तेल गाळलं म्हणजे विष तेलाबरोबर निघून जात नाही, बहुतेक सगळं पेंडीतच राहतं. आणि पेंड दिसायला छान, वासाला छान. उन्हात वाळवली, भाजली, तरी बुरशी मरेल, विष बरंचसं तसंच राहतं. जगाला या विषाची ओळखच शेंगदाणा पेंडीतून झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी काही महिन्यांत मेले, कारण सापडेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' रोग असं नाव दिलं गेलं. शोध घेता घेता लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोचले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन सापडलं. म्हणून मी आयुष्यभर शेतकऱ्यांना एकच सांगत आलो: तपासलेली नसेल तर शेंगदाणा पेंड पिल्लापासून लांब ठेवा. कोंबडीच्या खाद्यात किलोला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० पीपीबी, ही मर्यादा धरतात. एक अब्ज भागांत वीस भाग. एवढं थोडं पुरतं.

पेंड थोडी तरी शिल्लक असेल तर टाकू नका. प्रत्येक गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्या, कारण बुरशी एका कोपऱ्यात असते आणि दुसऱ्यात नसते. सगळं एकत्र करून त्यातला किलोभर नमुना कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये नको, वाटेत घाम धरतो आणि नमुना बिघडतो. बाजरीचाही नमुना वेगळा काढा. दोन्ही खाद्य तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवा. आप्पांसाठी बाजरीचा अहवाल हवाच.

आता तुमच्या हिशेबाकडे येतो, कारण पेंड स्वच्छ असती तरी ही बॅच पूर्ण वजनाला आली नसती.

प्रथिनं मोजली तर तुमचं मिश्रण साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास भरतं. कागदावर बरोबर. फसगत इथेच होते. पक्ष्याला नुसतं प्रथिन पुरत नाही, त्यातला लायसिन नावाचा घटक लागतो, आणि मांस भरण्याचं काम लायसिनचं आहे. १५ किलो सोया पेंडीत लायसिन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास मिळतं. तेवढ्याच शेंगदाणा पेंडीत सव्वादोनशे. म्हणजे दर क्विंटल खाद्यात २०० ग्रॅमची तूट, आणि ती तुम्ही कुठून भरली नाही. पाव किलो लायसिनची पूड घातली असती तर भरून निघाली असती. त्यात बाजरी अख्खी गेली, म्हणजे तिच्यातली ताकदही निम्मी वाया.

किलोचा भाव कमी झाला म्हणून तुम्ही खूश झालात. खाद्याचा भाव गुणिले एफसीआर करून बघा. आधी साडेसदतीस गुणिले १.६८, म्हणजे एक किलो जिवंत कोंबडीला ६३ रुपयांचं खाद्य. या वेळी सव्वाचौतीस गुणिले २.०२, म्हणजे ६९ रुपये. गोणीमागे वाचलं आणि कोंबडीमागे गेलं. तुमच्या १,३६४ पक्ष्यांच्या वजनावर हा फरक साडेचौदा हजारांचा होतो. मेलेले पक्षी आणि पायांची कपात वेगळी.

बाजरीबद्दल. मक्याची निम्मी जागा ती घेऊ शकते, प्रथिन मक्यापेक्षा थोडं जास्तच असतं आणि बाजरीला अफ्लाटॉक्सिनचा त्रास मक्याच्या मानाने कमी. माझ्या मते कोरडवाहू खानदेशात कोंबडीसाठी मक्यानंतरचं पहिलं धान्य बाजरीच आहे. मका ३१, बाजरी ३०, सोया पेंड ३३ धरा, तेल २ आणि बाकी ४ तुमचं नेहमीचं. सोयाला हात लावायचा तो एवढाच, एका किलोचा. बचत किलोमागे रुपया-सव्वा रुपया होईल. सव्वातीन रुपये होणार नाही. सव्वातीन रुपये वाचताना दिसले तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

ज्वारीचं विचाराल. दादर (रब्बीची ज्वारी) चालते, पण ती माणसांनाच महाग. खरिपाची काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते ती बुरशीमुळेच स्वस्त असते, ती घेऊ नका.

सरकीची ढेप. आपल्याकडे जिनिंग आहेत म्हणून ती दारात मिळते, पण सालासकटच्या ढेपेत तंतू फार, आणि सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशींच्या पोटात ते बांधलं जातं, म्हणून त्यांना चालतं. कोंबडीला तशी सोय नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट मिसळून गॉसिपॉल बांधता येतं, पण त्यासाठी ढेपेत ते किती आहे हे आधी मोजावं लागतं. १,५०० पक्ष्यांच्या शेडला हा उद्योग परवडत नाही. ढेप म्हशीला घाला.

तूर चुनी पिल्लाला अजिबात नको. शेवटच्या दोन आठवड्यांत शेकडा ३-४ किलो चालेल, त्यापुढे साल जास्त होतं आणि पोट भरतं पण अंग धरत नाही.

डीडीजीएस. इथेनॉलच्या कारखान्यांमुळे तुमचा मका महागला आणि त्याच कारखान्यांतून हा चोथा बाहेर पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर निर्बंध आले होते, तेव्हापासून मक्याची ओढ फार वाढली. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिन ४५ टक्क्यांच्या घरात, मक्याच्यात २८-३०. आकडा बघून मोह होतो. पण धान्यातला स्टार्च दारूत गेला की उरलेलं सगळं सुमारे तिपटीने घट्ट होतं, त्यात बुरशीचं विषही आलं. आणि यातही लायसिन कमीच, शिवाय जास्त तापवून वाळवला असेल तर आहे तेही पचत नाही. करपट वासाचा, काळपट तांबूस माल परत पाठवा. प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल एजंट देत असेल तर फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) शेकडा ५ किलोपर्यंत घाला. अहवाल मागितल्यावर तो विषय बदलत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

टॉक्सिन बाइंडर जरूर वापरा, बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगलं धरून ठेवते. पण बाइंडर आहे म्हणून खराब माल घेतला, असं करू नका. त्याचीही धरण्याची मर्यादा असते.

शेवटचं. नवीन काहीही असो, सगळ्या शेडला एकदम घालू नका. त्याच लॉटची १०० पिल्लं जाळी लावून वेगळी करा, त्यांना नवीन खाद्य, बाकीच्यांना जुनं. दर आठवड्याला दोन्हीकडची वीस-वीस तोला.

---

रावेर_केळी

वाचतोय मन लावून. आमच्याकडे केळीचा टाकाऊ माल ट्रॉलीने पडतो, तो वाळवून चालेल का? आणि अझोला (पाण्यावर वाढणारी वनस्पती), काळ्या सैनिक माशीच्या अळ्या यांचे व्हिडिओ फार येतात.

---

जुना_पशुवैद्य (धुळे)

केळीत पाऊण भाग पाणी. वाळवून जे उरतं त्यात प्रथिन नावालाच असतं, हिरव्या सालीत टॅनिन. वाळवायची मजुरी धरली तर मका स्वस्त पडेल. गुरांना घाला, खतात घाला. अझोलात तर ९० टक्क्यांहून जास्त पाणी. कोरड्या वजनावर २०-२५ टक्के प्रथिन आहे हे खरं, पण दिवसभर पोट भरून पाणीच प्यायल्यावर ब्रॉयलर वाढेल कधी? गावरान आणि बदकांना अझोला उत्तम, त्यांना घाई नसते. अळ्या खरोखर ताकदीच्या आहेत, कोरड्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन आणि भरपूर चरबी. तुमच्या केळीवर त्या वाढतीलही. पण रोज तेवढ्याच मापाने निघाल्या तरच खाद्यात धरता येतात, एक दिवस पाटी आणि दुसऱ्या दिवशी मूठ असं ब्रॉयलरला जमत नाही. परसातल्या ५० कोंबड्यांवर सुरुवात करा.

---

पांझरा_शेड (साक्री तालुका)

डॉक्टरसाहेबांनी पेंडीचं सांगितलं, मी मक्याचं जोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा खळ्यावरचा मका ओला असतो, व्यापारी वाळलाय म्हणून देतो. ओल बघायला मी काचेची कोरडी बरणी ठेवलीय. त्यात मूठभर मका आणि दोन चमचे कोरडं मीठ टाकायचं, झाकण लावून दोन मिनिटं हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात १५ टक्क्यांच्या वर ओल आहे, तो मका कोठीत न्यायचा नाही. मीठ तळाशी मोकळं बसलं तर घ्यायचा. माझी बरणी बघून एका व्यापाऱ्याने गाडी परत वळवली होती.

---

बोरीकाठ

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय. मुद्दाम थांबलो होतो, हातात काहीतरी असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पेंडीच्या एका गोणीत ४०-५० किलो उरलं होतं. सांगितल्याप्रमाणे नमुने काढून दोन्ही पाठवले. पेंडीत अफ्लाटॉक्सिन बी-१ निघालं १८० पीपीबी. बाजरीत ५ च्या खाली. उरलेली पेंड खड्डा करून चुन्यासकट पुरली. शेजारचा म्हशीला मागत होता, पण दुधातून हे विष माणसात उतरतं असं वाचलं, म्हणून दिली नाही. घाणीवाल्याला अहवाल नेऊन दाखवला. त्याने स्वतःच्या घरच्या गुरांचीही गोणी बाजूला काढली.

मग नवीन पिल्लं आणली. १,४०० जुन्या खाद्यावर, १०० बाजरीच्या खाद्यावर, डॉक्टरसाहेबांनी दिलेलं माप जसंच्या तसं. ३ ची जाळी १,१०० रुपयांना आणली, बाजरी वेगळी भरडली. दर रविवारी मी तोलायचो आणि माझी मुलगी वहीत लिहायची. पहिला आठवडा बाजरीची मागे होती, २८ व्या दिवशी बरोबरीला आली. ४० व्या दिवशी जुन्या खाद्यावरची सरासरी २ किलो ९० ग्रॅम, बाजरीवरची २ किलो ६०. एफसीआर १.६९ आणि १.७१. बाजरीचं खाद्य किलोला ३६ रुपये ४० पैसे पडलं. म्हणजे जुन्या खाद्यावर किलो कोंबडीला ६३ रुपये ४० पैसे आणि बाजरीवर ६२ रुपये २० पैसे. १०० त २ मेली, त्यातलं एक पहिल्याच आठवड्यात चेंगरून.

ताई, झेंडू मिळाला नाही, हंगाम गेला होता. पाय फिकेच राहिले, पण १०० पक्षी सगळ्या मालात मिसळून गेले, व्यापारी काही बोलला नाही. पुढच्या दसऱ्याला पाकळ्या साठवणार आहे.

अहवाल आला त्या दिवशी आप्पांना ओट्यावर बसवून दोन्ही कागद वाचून दाखवले. ते पीपीबी वगैरे त्यांना नीट कळलं नाही, १८० आणि ५ एवढं कळलं. कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पारावर ती बाहेर निघाली म्हणे. पिल्लं आली त्या रात्री खाट परत ब्रूडरपाशी.

आता एक अडचण उरली आहे. इथे मार्चअखेरीलाच ४१ अंश लागलंय. पुढच्या बॅचला सगळ्या शेडला बाजरी लावायचा विचार आहे, कोठीतली संपली की गावातूनच घेईन. ताई, मे महिन्यात तुम्ही बाजरीचं माप तेवढंच ठेवता की कमी करता? मी खाद्य पहाटे चारला आणि संध्याकाळी सहानंतर टाकतो, दुपारी फीडर वर उचलून ठेवतो. आणि भरडलेली बाजरी उन्हाळ्यात किती दिवस टिकते? माय म्हणते बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होतं, मग भरडाही खवट होत असणार. मी सध्या तीन-चार दिवसांपुरतीच भरडतोय.

---

पांझरा_शेड (साक्री तालुका)

माप तेवढंच ठेवते, दादा. भरड्याचं तुमच्या मायचं अगदी खरं आहे, बाजरीत तेल जास्त म्हणून ती लवकर खवटते. मे महिन्यात मी तिसऱ्या दिवसापुढे ठेवत नाही. भरडा रात्री करा, दिवसा मशीन तापलेलं असतं, माल गरम पडतो आणि गोणीत घाम धरतो. रात्री भरडून गोणपाटावर पसरायचा आणि पहाटे भरायचा. आप्पांना माझा नमस्कार सांगा.